‘जमेल का?’ याचं उत्तर किती वेळा द्यायचं: बायकांच्या टूर दे फ्रान्सची गोष्ट



आज सायकलवर बोलायचंय. पण सुरुवात एका फोटोपासून करू. २२ जुलै १९८४, पॅरिस. टूर दे फ्रान्स नुकतीच संपलीये आणि व्यासपीठावर दोन विजेते उभे आहेत. एक फ्रान्सचा लोराँ फिन्यों. सोनेरी केस, गोल चष्मा, त्या काळातला स्टार. आणि त्याच्या बाजूला अमेरिकेची मारियान मार्टिन. दोघांच्या अंगात पिवळी जर्सी. दोघंही टूर दे फ्रान्स जिंकलेले.

फिन्योंला बक्षीस मिळालं एक लाख डॉलरच्या वर. मारियानला मिळाले साधारण एक हजार डॉलर आणि एक करंडक. ते हजार डॉलरही तिने संघातल्या मैत्रिणींबरोबर वाटून घेतले.

आता तुम्ही म्हणाल, पैशातला फरक तर सगळ्याच खेळांत होता. बरोबर आहे. पण या गोष्टीत मला पैशापेक्षा जास्त खटकतं ते वेगळंच. फिन्योंचं नाव सायकलवेड्या कुणालाही विचारा, माहीत असतं. मारियान मार्टिनचं नाव मात्र पुढची जवळजवळ चाळीस वर्षं गायब होतं. कारण ती जी शर्यत जिंकली, ती शर्यतच गायब झाली. आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. शेवटचंही नव्हतं.

स्टेज रेस म्हणजे नेमकं काय

पुढची गोष्ट कळायला आधी ही भानगड समजून घेऊ. ज्यांना माहितीये त्यांनी दोन मिनिटं चहा प्या.

सायकलची रोड रेस दोन प्रकारची. एक दिवसाची: सकाळी सुरू, दुपारी खलास, जो पहिला तो जिंकला. आणि दुसरी स्टेज रेस, म्हणजे टप्प्याटप्प्यांची. रोज एक टप्पा, असे कित्येक दिवस. प्रत्येक दिवशी तुम्हाला किती वेळ लागला ते मोजायचं आणि रोज त्यात भर घालत जायची. आमच्या भाषेत सांगायचं तर रनिंग टोटल. शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो विजेता. म्हणजे एकही टप्पा न जिंकता तुम्ही पूर्ण शर्यत जिंकू शकता. आणि पाच टप्पे जिंकूनही एका वाईट दिवसामुळे हरू शकता. ज्याची बेरीज त्या क्षणाला सगळ्यात कमी, तो दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी घालतो.

यात अजून दोन गोष्टी आहेत. पहिली, वेळेची मर्यादा. त्या दिवशीच्या विजेत्यापेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त वेळ घेतला की तुम्ही बाद. दुसरी, हवा. सायकल जोरात चालवताना तुमची बहुतेक ताकद हवेला ढकलण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे चिकटून राहिलं की बरीच ताकद वाचते. म्हणून संघ लागतो. संघातले बाकीचे पुढे राहून वारा अंगावर घेतात, गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, आणि संघाच्या लीडरची ताकद शेवटच्या घाटासाठी राखून ठेवतात.

पण स्टेज रेसची खरी परीक्षा रात्री असते. म्हणजे बघा, मी पुण्यात राहते, कोडिंगची नोकरी करते, महिन्यातून एखाद्या रविवारी सायकलवर सिंहगड चढते. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, फोटो, स्ट्रावावर अपलोड. मस्त वाटतं. आणि सोमवारी ऑफिसच्या दोन मजल्यांचे जिने चढताना मांड्या बोंबलतात. स्टेज रेसमध्ये त्या सोमवारी परत सिंहगड असतो. मंगळवारी दोनदा. बुधवारी सपाट रस्ता, पण ताशी पंचेचाळीसने. मध्ये खायचं, झोपायचं, सुजलेले पाय वर करून पडायचं, पोट बिघडू द्यायचं नाही. एक दिवस भारी चालवणं पुष्कळांना जमतं. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच भारी चालवणं, हा खरा खेळ.

सिंहगडाच्या वाटेवर एक टपरीवाले काका आहेत. प्रेमळ आहेत, चहा उत्तम करतात. पण दर वेळी विचारतात, “ताई, एकट्याच? वरपर्यंत जमलं का?” दर वेळी मी म्हणते, “जमलं काका.” पुढच्या महिन्यात परत तोच प्रश्न. आमच्या बरोबरच्या मुलांना मात्र काका विचारतात, “आज किती मिनिटांत?” या दोन प्रश्नांतला फरक लक्षात ठेवा. बायकांच्या स्टेज रेसचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांच्या मध्ये अडकलेला आहे.

१९२४: झाडूचा दांडा

सुरुवात फ्रान्समध्ये नाही, इटलीत होते. इटलीची मोठी स्टेज रेस म्हणजे जिरो दितालिया. १९२४ साली मोठ्या संघांचं आयोजकांशी पैशावरून बिनसलं आणि त्यांनी बहिष्कार टाकला. मोठी नावं गेली, शर्यत फिकी पडणार अशी भीती. त्या यादीत एक नाव दाखल झालं: अल्फोन्सिन स्त्रादा. शेवटचा ‘आ’ नसल्यामुळे वाचणाऱ्याला वाटावं, पुरुष आहे. प्रत्यक्षात ती होती अल्फोन्सिना स्त्रादा. वय ३३, मोदेना भागातल्या गरीब शेतमजुरांच्या घरातली.

त्या वर्षीची जिरो ३,६१३ किलोमीटरची, टप्पे फक्त १२. भागाकार करा. एका दिवसाला सरासरी ३०० किलोमीटर. पुण्याहून निघून सोलापूर ओलांडून बरंच पुढे. तेही कच्च्या रस्त्यांवर, गिअर न बदलणाऱ्या जड सायकलवर, पंक्चर स्वतःचं स्वतः काढत.

अल्फोन्सिना पहिले सात टप्पे वेळेत संपवते. आठवा टप्पा लाक्विला ते पेरुजा. पाऊस, वारा, चिखल. ती पडते आणि सायकलचं हँडल तुटतं. आता काय? तर झाडूचा दांडा तोडून हँडलच्या जागी बसवला आणि ती निघाली. पेरुजाला पोचली, पण वेळेची मर्यादा उलटून गेली होती.

नियमाने ती बाद. पण तोवर रस्त्यावरची माणसं फक्त तिला बघायला थांबायला लागली होती. शर्यत भरवणाऱ्या ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ वर्तमानपत्राचे संपादक एमिलिओ कोलोंबो यांनी मधला मार्ग काढला. तिचं नाव अधिकृत निकालात येणार नाही, पण ती पुढे चालवू शकते, तिचा खर्च दिला जाईल. ती चालवत राहिली आणि मिलानपर्यंत पोचली. सुरुवातीला ९० जण होते. अधिकृतपणे शर्यत पूर्ण केली फक्त ३० पुरुषांनी. म्हणजे ज्या रस्त्यावर जवळजवळ ६० पुरुष घरी परतले, तो रस्ता एका बाईने पूर्ण केला.

मग पुढच्या वर्षी तिला सन्मानाने बोलावलं असेल ना? नाही. परवानगीच दिली नाही. इथे आपल्याला पहिल्यांदा तो नमुना दिसतो. बाई सिद्ध करून दाखवते, लोक टाळ्या वाजवतात, आणि मग दार बंद.

१९५५: पाच दिवसांची टूर

पुरुषांची टूर दे फ्रान्स १९०३ साली सुरू झाली. दोन महायुद्धांमुळे पडलेला खंड सोडला तर ती कधी थांबली नाही. बायकांसाठी पहिला प्रयत्न झाला १९५५ साली. जाँ लुलियो नावाच्या फ्रेंच पत्रकार-आयोजकाने पॅरिसच्या पश्चिमेला, नॉर्मंडीच्या बाजूला पाच टप्प्यांची शर्यत भरवली. ४१ जणींनी भाग घेतला. जिंकली मिली रॉबिन्सन, ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन या छोट्याशा बेटावरची मुलगी.

शर्यत नीट पार पडली. कुणी रस्त्यात मरून पडलं नाही. आणि पुढची केव्हा झाली? २९ वर्षांनी.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. आमच्याकडे याला पीओसी म्हणतात. छोटा डेमो करून दाखवायचा की ही गोष्ट चालते. सगळे मीटिंगमध्ये माना डोलावतात, छान छान म्हणतात, आणि तो कोड कधीच प्रॉडक्शनला जात नाही. दोन वर्षांनी नवीन मॅनेजर येतो आणि म्हणतो, हे चालेल का, एक डेमो करून बघू या का? डेमो करणाऱ्याची पिढी बदलते, शंका तीच.

१९८४: मारियानचा जुलै

१९८४ साली टूरच्या आयोजकांपैकी फेलिक्स लेव्हितान यांनी पुढाकार घेतला आणि बायकांची टूर पुरुषांच्या टूरबरोबरच भरवली. ६ संघ, प्रत्येकी ६ जणी, एकूण ३६. टप्पे १८, अंतर साधारण हजार किलोमीटर. पुरुषांची त्या वर्षीची टूर ४,०२१ किलोमीटरची होती. बायका त्याच दिवशी, त्याच रस्त्याच्या शेवटच्या भागावरून, पुरुषांच्या काही तास आधी जायच्या. रस्त्याच्या कडेला पुरुषांची वाट बघत बसलेली लाखो माणसं आयतीच मिळाली. बायकांच्या सायकल शर्यतीला इतकी गर्दी याआधी कधी नव्हती.

त्या काळच्या नियमांनुसार बायकांची शर्यत इतक्या दिवसांची असूच शकत नव्हती. खास परवानगी काढावी लागली. ऑलिंपिकमध्येसुद्धा बायकांची रोड रेस पहिल्यांदा आली ती याच १९८४ साली, लॉस एंजेलिसला, आणि ती एका दिवसाची. फ्रेंच सायकलिंगमधली मोठमोठी माणसं उघड म्हणत होती की हे बायकांचं काम नाही.

मारियान मार्टिन त्या वेळी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावची. त्या मोसमात तिला ॲनिमिया झाला होता, निकाल चांगले येत नव्हते. संघातली शेवटची जागा भरायची बाकी होती, ती तिने प्रशिक्षकाला गळ घालून मिळवली.

आता इथे ती रनिंग टोटलवाली गोष्ट आठवा. डच बायका त्या शर्यतीत भयंकर जोरात होत्या. सपाट रस्त्यावर त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं, बहुतेक टप्पे त्यांनीच जिंकले. मारियान गप्प राहिली. रोज त्यांच्या गटाबरोबर पोचायचं, वेळ गमवायचा नाही. मग आल्प्स आला. चढावर हवेची मदत कमी, ज्याचा जोर त्याचा. तिथे तिने टप्पा जिंकला, पिवळी जर्सी मिळवली आणि पॅरिसपर्यंत सोडली नाही. दुसरी आली हॉलंडची हेलीन हाखे, तिसरी अमेरिकेचीच डेबोरा शमवे.

आणि मग शाँझेलिझेवरचा तो फोटो.

मारियानने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की सायकलिंगच्या नादात तिच्यावर कर्ज झालं होतं आणि ते फेडायला वेळ लागला. लवकरच तिने शर्यती सोडल्या आणि पुढे फोटोग्राफीचा व्यवसाय केला. टूर दे फ्रान्स जिंकलेली बाई आणि डोक्यावर कर्ज. पण तिने तक्रारीचा सूर कधी लावला नाही. तो जुलै तिला परत कुणी दिला असता तर तिने परत तेच केलं असतं, असंच तिच्या बोलण्यातून दिसतं.

नावसुद्धा वापरायचं नाही

१९८५ आणि ८६ साली शर्यत जिंकली इटलीची मारिया कानिन्स. आधी बर्फावरच्या स्कीइंगमधली चॅम्पियन, एका मुलीची आई, आणि तिशी ओलांडल्यावर सायकलिंगमध्ये आलेली. १९८७, ८८, ८९ अशी तीन वर्षं फ्रान्सची जानी लाँगो. दोघींची चुरस जबरदस्त होती. फ्रान्सला घरची चॅम्पियन मिळाली होती. कुठल्याही आयोजकाला याहून चांगली संधी काय हवी?

१९८९ नंतर शर्यत बंद.

त्यानंतर दुसऱ्या नावांनी, दुसऱ्या आयोजकांनी प्रयत्न केले. नव्वदच्या दशकात पिएर बुए यांनी बायकांची वेगळी टूर चालवली. पण ‘टूर दे फ्रान्स’ हे नाव मूळ आयोजक कंपनीच्या मालकीचं. त्यामुळे नाव बदलावं लागलं आणि शर्यत झाली ‘ग्रांद बूक्ल’, म्हणजे मोठी फेरी. हॉलंडची लिओन्तिन फान मूर्सल, स्पेनची होआने सोमारिबा, ब्रिटनची निकोल कुक अशा मोठ्या चॅम्पियन तिथे जिंकल्या. पण पैशांची चणचण कायम, प्रायोजक आज आहे उद्या नाही. शर्यत आक्रसत गेली. २००९ साली उरले फक्त चार टप्पे. जिंकली ब्रिटनची एमा पूली, आणि तीच गमतीत म्हणाली की ही कसली मोठी फेरी, ही तर छोटी फेरी! पुढच्या वर्षी तीही बंद.

प्रामाणिकपणे सांगायला हवं की सगळीकडे हेच झालं नाही. इटलीने १९८८ साली बायकांची जिरो सुरू केली आणि अडखळत, नावं बदलत का होईना, ती जिवंत ठेवली. फाबियाना लुपेरिनी ती पाच वेळा जिंकली. म्हणजे बायका होत्या, संघ होते, शर्यती होत्या. पण फ्रान्समधला तो मोठा जुलै, जो जगभर टीव्हीवर दिसतो, तिथे बायकांना जागा नव्हती.

आणि यातली खरी हानी मला अशी दिसते. शर्यत टिकली की तिचा इतिहास तयार होतो. मागच्या वर्षी या घाटात किती मिनिटं लागली, अमुक चॅम्पियनचा विक्रम कुणी मोडला, तमुक वळणावर कोण पडलं होतं. पुढची मुलगी त्या आकड्याशी स्पर्धा करते. शर्यत बंद पडली की आकडे अनाथ होतात. मग २००५ साली सायकलवर बसलेल्या मुलीला मारियान मार्टिन माहीतच नसते. तिला परत शून्यापासून सांगावं लागतं की हो, बायकांना जमतं. ‘किती मिनिटांत?’ या प्रश्नापर्यंत ती पोचतच नाही.

सह्यांपासून आयफेल टॉवरपर्यंत

२०१३ साली चौघींनी ठरवलं की आता मागायचंच. एमा पूली, हॉलंडची मारियाना फॉस, अमेरिकेची कॅथरिन बर्टीन आणि ट्रायथलॉनची विश्वविजेती क्रिसी वेलिंग्टन. त्यांनी ऑनलाइन याचिका टाकली: टूर दे फ्रान्समध्ये बायकांची शर्यत हवी. जवळजवळ एक लाख सह्या आल्या. आपण ऑनलाइन याचिकांची थट्टा करतो, पण ही चालली. २०१४ साली शाँझेलिझेवर ‘ला कूर्स’ नावाची बायकांची शर्यत झाली. सुमारे ९० किलोमीटर, एकच दिवस. पहिलीच शर्यत फॉसने जिंकली.

एक दिवस. आठवतंय ना, एक दिवस आणि स्टेज रेस यातला फरक? म्हणून मागणी थांबली नाही. २०१५ पासून फ्रान्समध्ये काही हौशी बायकांचा गट दर वर्षी पुरुषांच्या टूरचा प्रत्येक टप्पा बरोबर एक दिवस आधी चालवायला लागला. टाळ्या नाहीत, बंद रस्ते नाहीत, सिग्नलला थांबून, पण संपूर्ण टूर.

दरम्यान पडद्यामागे दोन कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी घडल्या, आणि माझ्या मते खरा फरक त्यांनीच केला. पहिली, टीव्ही. जागतिक सायकलिंग संघटनेने नियम केला की बायकांच्या सर्वोच्च श्रेणीतल्या शर्यतीचं किमान ४५ मिनिटं थेट प्रक्षेपण झालंच पाहिजे. २०२० साली इटलीच्या जिरोला हे जमलं नाही, तर २०२१ साठी तिची श्रेणी खाली उतरवली. एवढी जुनी शर्यत, पण नियम म्हणजे नियम. दुसरी, पगार. २०२० पासून सर्वोच्च श्रेणीच्या महिला संघांमध्ये किमान पगार बंधनकारक झाला, सुरुवात वर्षाला १५,००० युरोपासून. त्याआधी कित्येक जणी नोकरी करून, सुट्टी टाकून शर्यतींना यायच्या. पगार असला की दिवसभर सराव करता येतो, दुपारी झोपता येतं, दुखापत झाली तर डॉक्टरकडे जाता येतं. शर्यतीचा वेग त्यातून वाढतो.

आणि मग २४ जुलै २०२२. टूर दे फ्रान्स फाम. सुरुवात आयफेल टॉवरच्या पायथ्याशी. ८ टप्पे, २४ संघ, १४४ जणी. संचालक मारियों रूस, स्वतः आधी सायकलपटू. एका टप्प्यात मातीचे रस्ते, एक टप्पा १७५ किलोमीटरचा.

हॉलंडची अनमिक फान फ्ल्यूटन, वय ३९, जिंकणार म्हणून सगळ्यांच्या तोंडी नाव. आणि शर्यत सुरू झाल्या झाल्या तिचं पोट बिघडलं. खाल्लेलं टिकेना. स्टेज रेसमध्ये न खाता चालवणं म्हणजे पेट्रोल न भरता मुंबईला निघणं. ती कशीबशी गटाला चिकटून राहिली, वेळ जास्त गमावला नाही. हळूहळू पोट ताळ्यावर आलं. सातव्या टप्प्यात व्होज डोंगररांगा आल्या, तीन मोठे घाट. तिने पहिल्याच घाटात हल्ला केला, दुसऱ्यात शेवटच्या सोबतिणीलाही मागे टाकलं आणि उरलेलं अंतर एकटीने कापून साडेतीन मिनिटांच्या आसपास आघाडीने जिंकली. आठव्या दिवशी सायकलच बिघडत राहिली, रस्त्यात पुन्हा पुन्हा सायकल बदलावी लागली. तोही टप्पा तिनेच जिंकला, आणि शर्यतही. फ्रान्समध्ये त्या शेवटच्या टप्प्याच्या वेळी एका क्षणाला ५० लाखांहून जास्त लोक टीव्हीसमोर होते.

विजेतीला ५०,००० युरो मिळाले. पुरुष विजेत्याला ५ लाख. १९८४ साली फरक शंभर पटींचा होता, आता दहा पटींचा. प्रगती म्हणायची की काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

चार सेकंद

माझ्यासाठी या इतिहासाचं खरं वळण २०२२ नाही, २०२४ आहे.

रॉटरडॅमला सुरू झालेल्या त्या टूरमध्ये हॉलंडची डेमी फोलरिंग, आधीच्या वर्षीची विजेती, पिवळ्या जर्सीत होती. पाचव्या टप्प्यात शेवटचे काही किलोमीटर राहिले असताना ती जोरात पडली. उठली, सायकलवर बसली, पण दीड मिनिटाहून जास्त वेळ गेला. गंमत, किंवा कटू गोष्ट म्हणा, त्या दिवशी टप्पा तिच्याच संघातल्या ब्लांका वासने जिंकला. लीडर मागे रक्ताळलेली आणि संघ पुढे जिंकतोय. लीडरसाठी कुणी थांबायला हवं होतं का, यावर पुढे कित्येक दिवस वाद झाला. जर्सी गेली पोलंडच्या काशा न्येव्यादोमाकडे, जी आधीच्या दोन्ही टूरमध्ये तिसरी आली होती.

शेवटचा टप्पा १५० किलोमीटरचा, आणि शेवट आल्प द्युएझवर. हा घाट म्हणजे सायकलिंगची पंढरीच. २१ वळणं, सुमारे १४ किलोमीटरची चढण, सरासरी चढ आठ टक्क्यांच्या वर. माथा १,८५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दोनशे मीटर उंच. सुरुवातीला काशाकडे डेमीवर १ मिनिट १५ सेकंदांची आघाडी.

डेमीने आधीच्या ग्लाँदाँ घाटातच हल्ला केला. काशा मागे पडली. डेमीने टप्पा जिंकला, पहिल्या नंबरचे १० बोनस सेकंद मिळवले, आणि रेषेपलीकडे थांबून घड्याळ बघत बसली. काशा डोकं खाली घालून वर येत होती. ती पोचली १ मिनिट १ सेकंदाने मागे. आता गणित करा. ७५ वजा ६१ वजा १०. उरले ४. आठवडाभराच्या शर्यतीनंतर काशा चार सेकंदांनी जिंकली.

पुरुष आणि बायका दोन्ही धरून टूर दे फ्रान्सच्या इतिहासातली ही सगळ्यात निसटती आघाडी. आधीचा विक्रम होता आठ सेकंदांचा, १९८९ सालचा. त्या आठ सेकंदांनी कोण हरलं होतं माहितीये? लोराँ फिन्यों. मारियानच्या बाजूला उभा असलेला तोच. आणि १९८९ हे तेच वर्ष, ज्यानंतर बायकांची टूर बंद पडली होती.

२०२४ च्या त्या दिवशी बायकांना हा घाट जमेल का, असं कुणीही विचारत नव्हतं. लोक सेकंद मोजत होते. ‘किती मिनिटांत?’ हा प्रश्न शेवटी आला, आणि तो यायला अल्फोन्सिनाच्या झाडूच्या दांड्यापासून बरोबर शंभर वर्षं लागली.

२०२५ साली टूर नऊ टप्प्यांची झाली. मॉरिशसच्या किम ल कूरने पिवळी जर्सी घातली, टप्पाही जिंकला. शेवटी जिंकली पोलीन फेराँ-प्रेव्हो. १९८९ च्या जानी लाँगोनंतर बायकांच्या टूरमध्ये फ्रान्सची पहिली विजेती. बघा, लाँगोचं नाव परत निघालंच. तुलना करायला शर्यत परत होती म्हणून.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच. पहिल्यांदा करून दाखवणाऱ्यांचं कौतुक आपण भरपूर करतो. ‘पहिली महिला’ या शीर्षकाखाली शाळेत निबंधही लिहितो. पण पहिलीनंतर दुसरी आली का, तिसरी आली का, पुढच्या वर्षीचं बजेट कुणी मंजूर केलं, प्रक्षेपणाचा नियम कुणी लावून धरला, हे विचारायला आपण विसरतो. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, फीचर बनवणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि मेंटेनन्स करणाऱ्यामुळे ते चालतं. आपल्या आसपास, आपल्या गावात, मुलींची एखादी स्पर्धा, एखादी टीम, एखादं मैदान एकदाच झालं आणि मग बंद पडलं, असं काही आठवतंय का? असेल तर खाली नक्की लिहा. कधी सुरू झालं, कोण जिंकलं, कधी थांबलं. नावं विसरायच्या आत लिहून ठेवू.

भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर हेल्मेट घाला, पाणी प्या, आणि दुसऱ्या दिवशीसाठी थोडी ताकद राखून ठेवा!